कौसाच्या बापाचं नाव

मिरजगाव, ५ जाने. १९४४
ॲप्लिकेशन झालं एकदाचं! तीन पॅरे, फर्स्ट क्लास इंग्लिश. मुद्दा एकच, इथली मुलींची शाळा चौथीला संपते, पाचवी सुरू करा. पपा मुलांच्या शाळेत मास्तर, शाळाखात्याचं ऑफिस त्यांना ठाऊक. म्हणाले, "इंग्लिश झकास. पण मुली धाडणार कोण, ते विचारतील."
म्हणजे पालकांचे अंगठे हवेत.

८ जाने.
पुरुष सगळे "बघू, इचारून सांगतो." कुणाला विचारणार, देव जाणे. मग आयांकडेच गेले. भामाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांची कौसा चौथी पास, आता घरी, कडेवर भाऊ.
"संक्रांत उरकली की बघायला येनारेत तिला."
"एवढ्यात?"
"वर्ग निघाला तर थांबवीन म्हन. नुसती घरी बसवायची म्हनलं, तर तिचा बाप न्हाई ऐकायचा."
अंगठा दिला. बाकीच्या आयांनी पण. आजच पोस्टात.

१९ जाने.
अर्ज परत. लाल शाईत शेरा, पतीचं पूर्ण नाव नाही. मी आपलं त्यांनी सांगितलं तसं लिहिलेलं, 'कौसाची आई', 'शांतीची आई'. मूर्ख मी. त्यात कागद मिळत नाही लढाईमुळे.

२० जाने.
भामाबाईंना नाव विचारलं तर पदर तोंडात.
"लगीन झाल्याबिगर न्हाई कळायचं तुमाला, बाई! धन्याचं नाव घेत्यात व्हय असं?"
शेजारीण म्हणते, "उखाना घ्यायला लावा. पन आधी पेढे आना!" हसून हसून मेल्या. आई पण पपांना 'अहो'च म्हणते, माझ्या कधी डोक्यातच...
कौसानं भावाला खाली ठेवलं. "मी लिहिते. मला चालतं." बापाचं, आजाचं, आडनाव. तिरकं, पण स्वच्छ. मग शांतीला हाक मारली, मग आणखी पोरी आल्या.
नवा कागद एकच मिळालेला, जागा पुरेना. माझे तीन पॅरे दोन ओळींत बसवले, तेही मराठीत. (जरा वाईट वाटलं.)

२२ जाने.
कौसाचे वडील दारात. "माझं नाव सरकारात कुनी लिवलं? धान्याच्या लेव्हीबिव्हीचं न्हाई ना?" अर्ज दाखवला. त्यांना वाचता येत नाही. कौसानं वाचून दाखवला.
"ह्ये तुजं अक्षर?"
"व्हय."
कागद बराच वेळ हातात धरला. परत दिला, फाडला नाही. मी लगेच पोस्ट केला.

३ फेब्रु.
ऑफिसचं कार्ड. साहेब बुधवारी येणार, मुली बघून ठरवणार. पळतच भामाबाईंकडे.
"अवं, बुधवारीच तर पावनं येनारेत!"
"पुढं ढकला ना."
"म्हनलं की मी. हे म्हनत्यात, दोगांनाबी येऊ द्या."
याचा अर्थ काय, ते त्यांनाही माहीत नाही.

८ फेब्रु.
उद्या बुधवार. संध्याकाळी भामाबाईंच्या घरावरनं गेले. पाहुण्यांसमोर नेसायचं लुगडं कुंपणाच्या वईवर वाळत टाकलेलं. शेजारी कौसाची पाटी, धुऊन ठेवलेली. अजून ओलीच.