राघूचा डोळा

तीर्थरूप कमळताईस,
साष्टांग नमस्कार आणि एक गंभीर तक्रार.

यंदा देवीच्या शेल्यावर तू राघूची चोच इतकी वाकडी भरली आहेस की तो भक्त न वाटता पेरू चोरून पळालेला वाटतो. तेही मी पोटात घालीन. पण राघूचा डोळा तू वाशिंदला घरीच भरून टाकलास! तेवीस वर्षं तू तो मोकळा ठेवतेस, घटस्थापनेला इथे मुरबाडला येतेस आणि देवीसमोर बसून शेवटचा टाका घालतेस. शास्त्रात याला नेत्रोन्मीलन म्हणतात. ते उरकून सुनेच्या हाती पिशवीतून पाठवायचं नसतं.

रुचिताला विचारलं, "सासूबाई कुठायत?"

"आईंना टाइम नाय, मामा," म्हणाली आणि चहा न घेताच उठली.

देवळात फुलं घेऊन आलेल्या गोजाबाईने शेला उलगडला आणि डोळ्यावर बोट ठेवलं. "जयराम, कमळ येनार नाय का रे?"

"येईल की," मी म्हटलं. मग रोजच्या पूजेचे मंत्र म्हणताना दोनदा अडखळलो.

गणपतीत मी आलो, तेव्हा तू दवाखान्याची फाईल घाईघाईने उशीखाली सरकवलीस. ती मी पाहिली होती. विचारलं नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, कारण तू खरं उत्तर देशील. ताई, तुझा आजार बरा होणारा नाही आणि ते तुला कळलंय, अशी मला भीती वाटते.

तुझा धाकटा,
जयराम