मनिलाहून, केस कापण्याआधी

आईला बूनसानचा जमिनीला डोकं टेकवून नमस्कार.

मी मजेत आहे. भात, सुकी मासळी पोटभर मिळते. तुझा खोकला कसा आहे?

इथला स्पॅनिश पाद्री म्हणतो, “केस काप, आमच्या देवाचा हो.” मी हसून टाळतो. आईबापांनी दिलेले केस कापतात का? पण गावाकडून आलेले खलाशी सांगतात, मिंग राजवट बुडाली. नव्या मांचू बादशहाचा हुकूम आहे म्हणे: पुढचं डोकं भादरून मागे वेणी ठेवा, नाहीतर मुंडकं उडवू.

दादाने भादरलं ना? त्याचं पत्र नाही, आणि तो पडला हट्टी. त्याला म्हणावं, बाबा असते तर तेही मुकाट वस्तऱ्याखाली बसले असते.

मी येतोय, जहाजावरच भादरून घेईन. दारात अर्धा टकल्या दिसला तर काठी उगारू नकोस. दार दादालाच उघडू दे.

तुझा धाकटा,
बूनसान