दावं ठेवून विकलेला ट्रॅक्टर

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा माझ्याबद्दलची एक गोष्ट मनात धरून गेलात, आणि ती खरी नव्हती. आपला ट्रॅक्टर विकला त्या दिवसाची. तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होतील. माझेही गुडघे गेले, डोळे अधू झाले, पण तेवढं एक बोलणं घशात अडकलंय ते काही खाली उतरत नाही. म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. मला तरी कुठं कुणी शिकवलं होतं? लष्करात लॉरी चालवताना रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवली. तेव्हा चुकतमाकत लिहीन, चालवून घ्या.

लढाई संपली, मी घरी आलो आणि वर्षभरात तुम्ही तो ट्रॅक्टर आणलात. सरकारनं लष्कराचा जुना माल विकायला काढला होता, त्यातला. मिरजेच्या स्टेशनात मालगाडीतून उतरवला तेव्हा निम्मं गाव बघायला आलं होतं. लोक म्हणत होते, आबानं जन्मभर बैल पारखले आणि म्हातारपणी लोखंड गळ्यात बांधून घेतलं. तुम्ही मात्र त्याच्याभोवती शांतपणे फेरी मारलीत, वाकून खाली बघितलंत, बैलाच्या पायाची ठेवण बघतात तसं. मग मला विचारलंत, "दात किती?" मी हसलो. म्हटलं, "आबा, ह्याला दात न्हाईत. ह्यो किती तास राबलाय त्ये इचारत्यात." तुम्ही म्हणालात, "मग त्येच की दात. इचार त्या बाबूला." आणि त्या रेल्वेच्या बाबूला काय सांगता येणार, तो बिचारा तुमच्या मुंडाशाकडं बघत उभा राहिला.

पुढची दोन वर्षं तुम्ही त्या ट्रॅक्टरला बैलासारखंच वागवलंत. रान नांगरून आला की आधी त्याला कृष्णेत धुवायचा, मग आपण जेवायचं. पत्र्यावर करंजाच्या तेलाचा हात फिरवायचा. मुरमाड रानात घालायचा नाही, मग भाडं कितीही मिळो. परक्या माणसाला चाकावर बसू द्यायचं नाही. बेंदराला, बैलांच्या सणाला, तुम्ही त्याच्या कपाळाला हिंगुळ लावलात आणि समोर पुरणपोळी धरलीत. आई दारातनं म्हणाली, "खाईल तरी कुठनं त्यो?" तुम्ही म्हणालात, "वास तर घिईल." आईला हसू आवरेना. त्या घरात आम्ही इतकं मोकळं हसल्याचं मला पुन्हा आठवत नाही.

आज आपल्या भावकीतली पोरं जुना ट्रॅक्टर घ्यायचा झाला की मला गाडीत घालून नेतात. मी रंगाकडं बघत नाही, रंग काय दुपारभरात मारता येतो. पायाखालचा पेडल किती झिजलाय ते बघतो, ग्रीस भरायच्या तोंडाशी माती घट्ट झालीय की पुसलेली आहे ते बघतो. पण त्याच्याही आधी मालकाचा गोठा बघतो. गोठ्यात शेण साचलेलं असलं तर तिथनंच मागं फिरतो. यंत्राचं मोल वर्षागणिक उतरतं असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे, पण ते किती उतरायचं हे मालकाचा हात ठरवतो. हे तुमच्याकडनं शिकलो. पोरांना तसं सांगतोही. फक्त पुढचं सांगत नाही.

त्या वेळी नवा ट्रॅक्टर मिळत नव्हता. अर्ज करायचा आणि दोन-दोन उसाचे हंगाम वाट बघायची. त्यामुळं आपल्या जुन्याकडं लोकांच्या नजरा लागल्या. सांगलीचं संस्थान विलीन झालं त्याच्या आसपासची गोष्ट. तुम्ही ज्या मोलाला घेतलात त्याहून चढ्या मोलानं मागायला माणसं दारात येऊन बसायला लागली. मला तो विकायचा नव्हता. तुम्ही म्हणालात, "जनावर उतरणीला लागायच्या आत इकावं. गिऱ्हाईक आपल्या दारात यतंय तवर." बैलाच्या बाजारात तुम्ही कधी चुकला नव्हता.

शेवटी गिऱ्हाईक ठरलं ते लष्करातले एक हवालदार, नदीच्या वरच्या अंगाचे, आपल्यापासून दहा-बारा मैलांवरचे. पेन्शनवर आलेले, बारा एकर बागायत, घरी बायको आणि धाकटा भाऊ. पायदळातला माणूस, सगळी लढाई चालून काढलेली, यंत्राला कधी हात लावलेला नाही. सौदा व्हायच्या आधी चार दिवस ते आपल्याकडं राहिले आणि मी त्यांना शिकवलं. ट्रॅक्टर चालू करताना पुढं हँडल घालून फिरवायचं, ते फिरवताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसला की अंगठा तुटतो. एवढा दांडगा माणूस, पण हँडल धरताना मांडीवरच्या पोरासारखं जपून धरायचा. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला मास्तर म्हणायचे. "मास्तर, चुकलं तर छडी मारा गड्या, पर अंगठा ऱ्हाऊ द्या." असं माणूस होतं ते.

सौद्याच्या दिवशी तुम्ही दोघांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उपरणं टाकलंत आणि त्याखाली हात घातलेत, बैलबाजारात बोटं दाबून भाव ठरवतात तसे. भोवती गर्दी. कुणीतरी ओरडलं, "आबा, ट्रॅक्टर लाजतोय बघा." बोटं जुळली, भाव ठरला, गुळाचा खडा वाटला. आणि मग तुम्ही पुढं होऊन सीटखालचं हँडल काढलंत आणि घराकडं चाललात.

हवालदार म्हणाले, "आवं आबा, त्ये कुठं न्हेताय?"

"दावं द्यायचं नसतं," तुम्ही म्हणालात. "जनावर इकावं, दावं आपल्या दारात ठेवावं. दाव्यासंगं लक्ष्मी जाती. तुमी तुमचं दावं आना."

"बैल बिनदाव्याचा बी चालतोय. ह्यो हँडलाबिगर हलायचा न्हाई की."

"तुमच्यात लोहार हाय का न्हाई?"

"हाय. चांगला हाय."

"मग झालं तर."

हवालदार हसले. त्यांच्याही घरी हीच रीत होती, त्यांना ती मोडवेना. त्यांनी एक सुतळी घेतली, हँडल जिथं बसतं त्या आसाची जाडी मापली आणि गाठ मारून खिशात टाकली. मला माहीत होतं की सुतळीनं ते माप घेता येत नाही. हँडलच्या तोंडाला ज्या खाचा असतात त्या तिरक्या असतात. इंजिन चालू झालं की त्या तिरकसपणामुळं हँडल आपोआप बाहेर ढकललं जातं. खाच सरळ असली तर हँडल आत अडकून इंजिनच्या वेगानं फिरतं, आणि समोर माणूस वाकलेला असतो. मी म्हटलं, "आबा, निदान नमुन्याला चार दिस द्या त्यास्नी. मग आनून ठेवा घरात." तुम्ही वळलात. एवढ्या माणसांत म्हणालात, "लष्करात गाड्या हाकल्यास म्हनून घरची लक्ष्मी लोकाच्या दारात बांधाया निघालास व्हय रं?" माणसं हसली. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा, लग्न झालेला, इराक बघून आलेला गडी. मी गोठ्याच्या मागं जाऊन कडब्यावर बसलो. इंजिन आधीच आपल्या हँडलनं चालू करून दिलेलं होतं. तुम्ही हवालदारांना सांगत होता, गावात पोचेपर्यंत बंद करू नका. निघायच्या आधी हवालदार मला शोधत गोठ्यामागं आले. तिथं आमचं काय बोलणं झालं ते शेवटी लिहितो.

आठव्या दिवशी निरोप आला. आपण बैलगाडी जोडून गेलो. सोप्यात पांढऱ्या कापडाखाली हवालदार आणि अंगणात ट्रॅक्टर, तसाच चकचकीत, आपल्या तेलाचा हात अजून अंगावर असलेला. हँडल पुढंच अडकलेलं होतं, कुणी काढायला धजलं नव्हतं. इंजिन एका दमात चालू झालं होतं म्हणे, कारण आपण त्याला तसं राखलं होतं. हनुवटीखाली घाव लागला. दवाखान्याकडं घेऊन निघाले आणि नदी ओलांडायच्या आत सगळं संपलं.

तिथला लोहार कोपऱ्यात उकिडवा बसला होता. येईल त्याला सांगत होता, "मला कुनी सांगितलं न्हाई वो. घट्ट बसावं म्हनून खाच सरळ काढली म्या." हवालदारांची बायको भिंतीला टेकून होती. तिनं तुमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "आमच्या मानसाला कुनी कायसुदिक सांगितलं न्हवतं व्हय, आबा?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. बैल हरवलेल्या माणसासारखा नाही, त्याला काय म्हणावं मला समजत नाही. मी म्हणालो, "सांगितलं हुतं म्या. निघताना सांगितलं हुतं, खाच तिरकी पायजे म्हनून." तुम्ही डोळे मिटलेत. हवालदारांचा भाऊ लोहाराकडं वळून म्हणाला, "ऐकलंस?" लोहार माझ्याकडं बघत राहिला. हवालदारांनी त्याला ते सांगितलंच असणार, असं सगळ्यांनी धरलं. मेलेल्या माणसाला विचारायला कोण जाणार होतं?

त्यानंतर त्या ट्रॅक्टरला कुणी हात लावेना. महिन्यापूर्वी ज्याच्यासाठी माणसं दारात बसत होती त्याला कोणी फुकटातही नेईना. बाईला तो डोळ्यांपुढं नको होता. तेव्हा तुम्हीच उठलात. मारका बैल लांबच्या बाजारात विकतात, जिथं त्याची कीर्ती पोचलेली नसते. तुम्ही त्याला माण तालुक्यात नेलात. मी चालवत होतो, तुम्ही शेजारी मडगार्डवर बसला होता, मुंडासं डोळ्यांपर्यंत ओढून. दहिवडीच्या पलीकडं मेंढरं राखणाऱ्यांचा मुलूख, विहिरीला पाणी लागलेला एक माणूस गिऱ्हाईक मिळाला. त्यानं पत्र्यावर हात फिरवला, इंजिन ऐकलं आणि म्हणाला, "जनावर ब्येस राखलंय. खोड न्हाई न्हवं काय?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई." आयुष्यात गिऱ्हाइकाशी तुम्ही खोटं बोलल्याचं मी तेवढं एकदा ऐकलं. आणि मग सीटखालून आपलं हँडल काढून तुम्ही त्याच्या हातात दिलंत. तो दचकला, "आवं, दावं कशाला देताय?" तुम्ही त्याची बोटं हँडलवर मिटवलीत. त्याला जवळजवळ पहिल्याइतकंच मोल आलं, आबा. चाळीस मैलांवर माणूस मेलेला नव्हता, म्हणून यंत्र तेच, मोल तेच. ती रक्कम तुम्ही बाईच्या पदरात टाकलीत आणि तिच्या उंबऱ्यावर पाणीसुद्धा न पिता परतलात.

पुढं तुम्ही बैलबाजाराला जाणं सोडलंत. कुणी विषय काढला की म्हणायचात, "हँडल म्या ठेवलं. पर पोरानं आपलं काम केलं हुतं." शेवटच्या आजारात माझा हात धरून तेच बोललात. तुमचा पश्चात्ताप तुम्ही एकट्यानं ओढलात, आणि माझं शहाणपण आधाराला धरून ओढलात. मी तुमच्या तोंडात चमच्यानं पेज घालत होतो आणि मान हलवत होतो.

आता ते गोठ्यामागचं बोलणं. हवालदार आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, रागावू नका. बाप हाय. काय सांगायचं ऱ्हायलं आसंल तर आत्ता सांगा, मी निघालो." मी कडब्याची काडी मोडत होतो. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. म्हणालो, "न्हाई. काय न्हाई."

एवढंच. माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. नवं हँडल नीट बसायचं नाही, हे परत येतील, चार माणसांत तुमची रीत उघडी पडेल आणि मला हसणारे तुम्हाला हसतील, असं वाटलं होतं. माणूस मरेल असं वाटलं नव्हतं, पण ते होऊ शकतं हे मला माहीत होतं, लष्करात एकाचा जबडा फुटलेला मी बघितला होता. तुमच्या रीतीनं हवालदार मेले असं तुम्ही धरून चाललात. रीत वेडी होती, पण माझ्या एका वाक्यानं ती बिनविषारी झाली असती.

तो लोहार दुसऱ्याच वर्षी गाव सोडून गेला. सांगितलेलं ऐकत नाही, माणूस मारला, असा त्याच्यावर डाग पडला. कुणी त्याच्याकडं विळा शेवटायला, धार लावून घ्यायलाही जाईना. त्याचा मुलगा इस्लामपुराकडं वेल्डिंगचं दुकान चालवतो, चांगला साठीचा झालाय, मला त्याची वाट ठाऊक आहे. दोनदा एसटीनं जाऊन त्या दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर बसून परत आलोय.

हे पत्र खरं त्याला लिहायचं होतं, आबा. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.