सासरेबुवांचा पाया

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज परत तेच! — ‘दादांनी एवढ्याशा पैशांत अख्खी शाळा उभी केली होती.’ दादा म्हणजे माझे सासरेबुवा. म्हणणारा मुकादम. वाळूचा भाव ऐकला, डोळे मोठे केले आणि दादांचं नाव घेतलं. अरे बाबा, तेव्हाची वाळू आणि आजची वाळू! शिवाय ट्रक खालच्या वळणापर्यंतच येतो. तिथून वर खेचरं. वाळूपेक्षा वाळूचा प्रवास महाग. सिमेंट, सळया, पत्रे — सगळ्यांची तीच तऱ्हा. किती जणांना समजावू?

दरड कोसळली आणि शाळेच्या भिंती घेऊन गेली. नवी बांधायचं काम ऑफिसने माझ्यावर टाकलं — ‘खर्चाला कात्री लावणारा माणूस’ म्हणून. कात्री लावणाऱ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. सासरेबुवांना मात्र पडलेल्या शाळेबद्दलसुद्धा शाबासकी मिळते आहे!

६ नोव्हेंबर, गुरुवार

आता बायकोनेही सुरू केलं. जेवताना म्हणाली, ‘‘बाबा असते कामावर, तर...’’ पुढचं बोलली नाही. गरजही नव्हती. ती त्याच शाळेत शिकवते, सध्या ताडपत्रीखाली. बदली होऊन इथे आलो आणि सासऱ्यांच्याच घरात राहिलो, ही चूक झाली. छप्पर त्यांचं, ताट त्यांचं, कौतुक त्यांचं. माझं काय? दरपत्रक!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लेकीला गणित अडलं. माझ्यासमोरून उठली आणि आजोबांकडे गेली. गणित! माझ्यासमोरून!

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसचा आकडा आला. त्यात दोन खोल्या बसतात. तिसरी हवी असेल तर जुना पाया वापरावा लागेल, म्हणजे खोदाई आणि दगड वाचतील. तिसरी खोली सातवीची. ती झाली नाही तर सातवीच्या मुलांना खालच्या गावातल्या वसतिगृहात पाठवावं लागणार. पुढच्या वर्षी त्यात आमची लेकही असेल. म्हणून चारही कोपऱ्यांना खड्डे घेऊन पाया तपासायचं ठरवलं.

सासरेबुवा म्हणाले, ‘‘खुशाल खणा, जावईबापू.’’ आणि हसले. ते हसणं डोक्यात गेलं.

इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार — पाया कच्चा निघावा असं मला वाटतंय. खोली जावी असं नाही. फक्त त्यांचा पाया कच्चा निघावा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन कोपरे उघडले. पहार मारली तर ठिणगी उडते! दगडात दगड बसलेला, फटीत पातं शिरत नाही. मजूर काम सोडून बघत उभे. मुकादम तर छाती फुगवून फिरत होता, जसा काही पाया त्यानेच घातला. सासरेबुवा म्हणाले, ‘‘तेव्हा माणसं चांगली मिळाली हो.’’ वर हा विनय! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

रात्री बायको गुणगुणत भांडी आवरत होती. माझ्यासाठी कधी गुणगुणली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चौथा कोपरा कच्चा!! वरच्या झऱ्याचं पाणी मुरून माती सैल झाली आहे. दगड हाताने हलतो. मी स्वतः खाली उतरून हलवून पाहिला. दोनदा. बढती मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

आता खरं सांगायचं तर हा एकच कोपरा उकरून पुन्हा भरला आणि पाण्याला बाजूने वाट करून दिली की झालं. आठवडाभराचं काम. खर्चही बसतो. हे मला कळत नाही असं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अहवालात लिहिलं — ‘जुना पाया भार घेण्यास अयोग्य.’ कोपरा नाही. पाया. अख्खा.

खड्डे लगेच बुजवायला लावले. मुकादम म्हणाला, ‘‘साहेब, पण तीन कोपरे तर...’’ मी म्हटलं, ‘‘पाणी खालून कुठवर गेलंय ते तुला दिसतं का?’’ खोरं उचलून माती लोटायला लागला. अहवाल जीपवाल्याच्या हाती खाली पाठवला. जिरली एकदाची!

१९ नोव्हेंबर, बुधवार

मंजुरी आली. दोन खोल्या. तिसरी रद्द. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

बायकोने विचारलं, ‘‘सगळाच पाया अयोग्य?’’ म्हटलं, ‘‘सगळाच.’’ तिने पदराला हात पुसले. मग आत गेली. बाबांशी बोलणं बंद. त्यांच्यापुढे ताट ठेवते आणि निघून जाते. या घरात हे कधी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी पोटभर जेवलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लेक विचारते, ‘‘बाबा, वसतिगृहात रात्री दिवा बंद करतात का?’’ उगाचच तिच्यावर ओरडलो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ताडपत्रीखाली पालकांची बैठक. खोली का गेली, म्हणून सगळे तापलेले. मुकादम उठला. ‘‘मी तिथे होतो. तीन कोपरे तर...’’ आता सगळं बाहेर पडणार!

सासरेबुवा काठी टेकत उभे राहिले. ‘‘पाया कच्चाच होता. मी घाई केली तेव्हा. जावईबापूंनी लिहिलं ते बरोबर आहे.’’

ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, ते माना खाली घालून निघून गेले. एका म्हातारीने जाताना त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला हेच हवं होतं ना? मग चहाचा कप तसाच ठेवून का उठलो?

२६ नोव्हेंबर, बुधवार

त्यांना अंगणात एकटं गाठलं. ‘‘का बोललात तसं? तुम्हाला माहितीये सगळं.’’

ते म्हणाले, ‘‘मग काय, भर बैठकीत तुम्हाला खोटं पाडू? माझ्या मुलीला अजून पुष्कळ वर्षं तुमच्याबरोबर काढायची आहेत. माझ्याबरोबर किती उरली?’’

‘‘पण खोली...’’

‘‘खोलीचं तुम्ही बघा. सही तुमची आहे.’’ आणि काठी टेकत आत गेले.

रडावंसं वाटलं. आणि तेव्हाही, त्याच क्षणीही, जळलो — हेसुद्धा यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुधारित अहवाल लिहिला. ‘तीन कोपरे भक्कम. चौथ्याची दुरुस्ती शक्य. आधीचा निष्कर्ष माझा, आणि चुकीचा.’ जीपवाल्याकडे दिला. नोकरीचं काय होईल ते होवो. मुकादमालाही सांगितलं. तो फक्त ‘‘बरं’’ म्हणाला.

बायकोला सांगायचं राहिलं आहे. धीर होत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. एका दमात, सगळं.

तिला ठाऊक होतं. खड्डे उघडे होते तेव्हाच ती मुलांना दाखवायला घेऊन गेली होती. अहवालाचं कळल्यावर थेट बाबांना जाऊन विचारलं. ‘तू काही बोलायचं नाहीस, जावईबापूंना स्वतः सांगू दे’ म्हणाले, म्हणून त्यांच्याशी अबोला धरला होता.

‘‘महिना संपेपर्यंत थांबेन, असा बाबांना शब्द दिला होता,’’ ती म्हणाली. ‘‘मग लेकीला घेऊन मी मावशीकडे निघून जाणार होते. कायमची.’’

आज तीस तारीख.