हसनाबादचा नारू आणि माझं फडकं

९ मे १९५७, हसनाबाद
पुण्याहून इथे सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून हजर. काम नारूच्या बंदोबस्ताचं. बारवेच्या पायऱ्यांवर पुंजाराम नावाचा माणूस पाण्यात पाय सोडून बसला होता. घोट्यातून पांढरा दोरा लोंबत होता. दोरा कसला, जिवंत किडा, म्हणजेच नारू. मी तिथूनच मागे फिरलो. रिपोर्टात 'पाहणी समाधानकारक' लिहिलं.

१० मे
मॅन्युअल पुन्हा वाचलं. पाण्यातल्या बारीक किड्यांबरोबर नारू पोटात जातो, वर्षभराने पायातून निघतो आणि पाय पाण्यात घातला की तिथे पिल्लं सोडतो. वर्षभर आत काय करतो, ते पान वाचवलं नाही. निश्चय: गाळल्याशिवाय थेंबही प्यायचा नाही.

१३ मे
चावडीवर लेक्चर दिलं. पाणी गाळा, बारवेत पाय घालू नका. फर्स्ट क्लास झालं. माझ्या घरमालकीणबाई सायरबाई जैन आहेत. त्यांच्या घरात नारू कुणालाच नाही. पाणी गाळलं की त्या फडकं उलटून धुतात आणि अडकलेले जीव त्याच बारवेत परत सोडतात. मलाही शिकवायला आल्या. हा धर्माचा मामला आहे, सायन्सचा नाही, असं नम्रपणे सांगितलं.

२ जून
रोज लिहायचं राहून गेलं. माझं फडकं माठावरच असतं. सकाळी एक बाजू वर, संध्याकाळी दुसरी. दोन्हीकडून सारखं झिजेल. डोकं लागतं.

२० नोव्हेंबर
पोटरीत वळवळलं. भिंगातून तासभर पाय पाहिला. शीर होती. बहुतेक.

११ मे १९५८
डाव्या घोट्यावर फोड. बूट चावला.

१२ मे
बूट आठवडाभर घातलेलेच नाहीत. फार भीती वाटते.

१३ मे
फोड फुटला. पांढरं टोक दिसतंय. आग सहन होईना. कसा कोण जाणे, बारवेवर पोचलो. पाय पाण्यावर धरलाच होता, तेवढ्यात मागून पुंजाराम म्हणाला, "साहेब, पाय न्हाई घालायचा. तुम्हीच सांगितल्तं."
पाठुंगळीला घेऊन त्यानेच घरी आणलं.

१४ मे
सायरबाईंनी फडक्याची चौकशी केली. मी उलटण्याची माझी पद्धत दाखवली. त्यांनी फडकं उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "म्हंजे सकाळचे जीव संध्याकाळी पिऊन राह्यले होते तुम्ही."

१९ मे
पुंजाराम रोज बोटभर नारू काडीवर गुंडाळतो. तुटला तर पाय जाईल म्हणतो. मी डोळे मिटून घेतो. उद्या चावडीवर लेक्चर आहे. सायरबाई देणार आहेत. लोकांना पाय दाखवायला मलाही नेणार आहेत.