जोडटाक्या

३ फेब्रुवारी

बॅगा उघड्या पडल्यात आणि भांडण तेच! रॉइसनं माझ्यासाठीही पाठीवरच्या हवेच्या जोडटाक्यांचंच सामान काढून ठेवलंय — पाठीचा लोखंडी पत्रा, टाक्या आवळायची कडी, दोन्ही टाक्यांना जोडणारी नळी. टाक्या विमानातून नेत नाहीत, त्या तुलुमला भाड्यानं घ्यायच्या. तिथं गल्लोगल्ली सुट्या टाक्या मिळतात. एक या काखेत, एक त्या काखेत, सामान म्हणजे नुसते पट्टे. मग हे लोखंड मेक्सिकोपर्यंत कशाला वाहायचं?

"पाण्याखालच्या गुहेत शिरायचं तर जोडटाक्याच," म्हणाला. "बाकी सगळी नवी थेरं."

आणि माझा खांदा? जोडटाक्यांचे नळ मानेमागे असतात. माझा आखडलेला हात तिथवर जातच नाही.

"मी आहे ना."

४ फेब्रुवारी

कंगवासुद्धा मागे पोचत नाही. आण इकडे, मी विंचरतो, म्हणाला.

८ फेब्रुवारी

ज्यानं गुहेतली बुडी शिकवली त्याच्याशीच लग्न केलं की शाळा कधी सुटत नाही. मी कोणती नोकरी धरायची, बहिणीकडे किती दिवस राहायचं — सगळं तपासायला सर हजर. वाईट माणूस नाही. हात उगारत नाही, ओरडत नाही. नुसता असतो. सगळीकडे असतो! मला श्वास पुरत नाही, तोही कोरड्या जमिनीवर.

एक गोष्ट मात्र त्यानं सोन्यासारखी शिकवली. बाकीची दुनिया अंगठा वर करून शाबास म्हणते. आमच्यात अंगठा वर म्हणजे बुडी संपली, मागे फिरा. कुणीही, केव्हाही दाखवावा. आणि का म्हणून विचारायचं नाही — पाण्यात नाही, वर आल्यावरही नाही. विचारलं की पुढच्या वेळी माणूस दाखवायला कचरतो, आणि कचरला की मेला. पहिल्याच दिवशी हे त्यानं आम्हा सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलं होतं.

१३ फेब्रुवारी

तुलुम. उकडतंय. हवा भरून देणाऱ्या ओफेलियाबाईंनी माझा हात पाहिला आणि भिंतीशी लावलेल्या सुट्या टाक्यांकडे बोट केलं. रॉइस हसला, पाना मागितला आणि अंगणात बसून माझ्या टाक्या स्वतः जोडल्या. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी कोंबड्यांकडे.

१५ फेब्रुवारी

सकाळी विवराच्या काठावर त्यानं नेहमीसारखे माझे तिन्ही नळ तपासले. मधला, दोन्ही टाक्यांची हवा एक करणारा, बंद करून पाहिला. "झालं. बघितलंय मी."

आत शिरलो. दोरी धरून तो पुढे, मी मागे. बरंच आत गेल्यावर हवेचा काटा बघितला — भरलेला! पुन्हा बघितला. तसाच. एवढा वेळ मी श्वास घेतेय आणि हवा कमीच होत नाही? मधला नळ बंद राहिलाय. मी पितेय उजवी टाकी, काटा दाखवतोय डावी. उजवीत किती उरलंय, देव जाणे. हात मागे नेला. खांद्यातून कळ आली, बोटं हवेत — नव्हे, पाण्यातच चाचपडली.

दिवा हलवून त्याला थांबवलं. अंगठा दाखवला.

त्यानं माझा काटा पाहिला. मान हलवली आणि पुढे बोट केलं!

पुन्हा अंगठा. त्याच्या डोळ्यांवरच्या काचेच्या अगदी समोर. तेव्हा फिरला.

विवराच्या पायऱ्यांवर तोंडातली नळी काढल्या काढल्या पहिलं वाक्य, "का? काटा तर भरलेला होता."

विचारलंन! त्यानं!

मी पाठ केली त्याच्याकडे. म्हटलं, मधला नळ बघ. मग नळ उघडल्याचा आवाज आला, सूंऽऽ, आणि म्हणाला, "बघ. मी नसतो तर तुझं काय झालं असतं?"

मेले नसते. उजवी संपली असती तर डावीची नळी तोंडात घातली असती, तेवढं येतं मला. त्याच्या चुकीचंही काही नाही, चूक कुणाचीही होते. पण त्यानं विचारलं. आणि अजून त्याला वाटतंय की वाचवलं त्यानंच.

१६ फेब्रुवारी

तो झोपलेला असताना ओफेलियाबाईंकडे गेले. त्यांनी स्वतःचे जुने पट्टे माझ्या अंगावर आवळले, काखांत एकेक टाकी लटकवली. गावामागच्या उघड्या डोहात, डोक्यावर आभाळ दिसेल इतपतच उतरले. बाई काठावर संत्रं सोलत बसल्या होत्या.

दोन्ही नळ छातीशी! उघडले, बंद केले, उघडले, बंद केले. बाईंना वाटलं काहीतरी बिघडलंय, हाका मारायला लागल्या. मी पाण्यातच हसत होते. रडतही असेन.

१७ फेब्रुवारी

न्याहारीला रॉइस पुढच्या हिवाळ्याचं सांगत होता. पुन्हा इथंच यायचं, सामान त्यानं ठरवलंय, माझ्या खांद्याचा डॉक्टरही त्यानंच ठरवलाय, बहिणीला मी काय कळवायचं तेही. मी काटा खाली ठेवला आणि टेबलावरूनच त्याला अंगठा दाखवला. अंगठ्याला खांदा लागत नाही.

"आज कुठं पाण्यात जायचंय?" म्हणाला. अंगठा तसाच. मग त्याला कळलं. विचारायला तोंड उघडलं — आणि मिटलं.