आईच्या स्टुलावरची गोगलगाय

६ मार्च

दाढ ठणकतेय. गाल भोपळ्याएवढा झालाय. आमच्या फर्निचरच्या कारखान्यातला सुतार — सगळ्यांची सालं काढतो म्हणून आम्ही त्याला रंधाच म्हणतो — "ताई, गालात ठोकळा ठेवलाय का?" म्हणाला. हसायची सोय नव्हती.

संध्याकाळी दादाकडे आईला बघून आले. तिच्या उशाशी अजून प्लास्टिकची खुर्ची. तिच्यावरच औषधं, चष्मा, पाणी. मी कोरून दिलेलं स्टूल दादाने पॉलिशला नेलंय, त्याला महिना होत आला! आई म्हणते, "येईल गं. घाई काय आहे?"

७ मार्च

दाढ निघाली. पण ते राहू दे.

दवाखान्यात बसायला नवी स्टुलं आणि मध्ये टीपॉय. बसायला वाकले आणि तशीच राहिले. माझी वेल! बैठकीच्या काठावरून निघून पायांवर वळसे घेत उतरणारी. एक पान उताणं, एक पालथं. पालथ्या पानाच्या शिरा कोरत बसणारी वेडी मी एकटीच. आणि हीच वेल दादाने वर्षभर अडवून धरली होती. "आता साधंच चालतं. नक्षीत धूळ बसते, लोक नको म्हणतात."

आधी वाटलं, कुणी माझा नक्षीचा कागद लांबवला. मग एका पायावरून बोट फिरवलं, तर तिथे गोगलगाय.

कागदावर गोगलगाय नाहीच. आईचं स्टूल कोरताना पटाशी निसटली आणि फुलाची पाकळी उडाली. उडालेलं लाकूड परत येत नाही. मग त्या खड्ड्याचाच शंख केला, दोन शिंगं काढली आणि आईला सांगितलं, ही खास तुझ्यासाठी. एका चुकीपायी एकाच स्टुलावर काढलेली ती. इथे मात्र सगळ्या स्टुलांवर. टीपॉयच्या चारही पायांवर. शिंगाची वाकडी रेघसुद्धा तीच. माणसाच्या हाताने दोन गोगलगायी अशा सारख्या होत नाहीत. आईचं स्टूल कोरायच्या यंत्राखाली ठेवून नक्षी उतरवून घेतलीय.

"काही पडलं का तुमचं?" नर्सने विचारलं. मी गुडघ्यांवर बसून टीपॉयखाली बघत होते. हो म्हणाले.

८ मार्च

पॉलिशवाल्यांकडे जाऊन आले. "स्टूल? माझ्याकडे आलंच नाही. दादा विसरले असतील."

दादा कधी आवाज चढवत नाही. मुंगीलासुद्धा वाट देईल असा माणूस. गोगलगाय अन् पोटात पाय! हे दादाबद्दल लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

९ मार्च

विचारायचं ठरवलं होतं. धीर झाला नाही. दुपारी वहिनी माझ्या खोलीवर डबा घेऊन आली. "मऊ केलंय, चावायला नको." डबा देताना माझ्याकडे बघेना. म्हणजे हिलाही ठाऊक आहे.

११ मार्च

दादाला विचारलं. कारखान्यातच, सगळ्यांसमोर.

नाकारलं असतं तर बरं झालं असतं. "यंत्रवाल्याला नमुना लागतो. कागदावरून नाही होत."

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय? एवढी ऑर्डर हाताने कोरायला तुला वर्ष लागलं असतं."

लागलंच असतं. आणि मी ते वर्ष आनंदाने दिलं असतं, हे त्याला माहीत आहे! बाबांनी पटाशी माझ्या हातात दिली, त्याच्या नाही. लाकूड बघून तो जांभया द्यायचा. हिशेब तू बघ, कोरीवकाम हिचं, असं बाबाच सांगून गेले. त्यावर मी इतकी वर्षं निर्धास्त होते.

पुढचं त्याहून वाईट. पुढच्या महिन्यात यंत्र आमच्याच कारखान्यात येतंय. माझ्या कोरायच्या ओट्याच्या जागी. "यंत्राच्या कडा खरबरीत राहतात. तू पॉलिशपेपरचं बघ." म्हणजे वेल माझी, कोरणार यंत्र आणि मी घासत बसायचं.

रंध्याकडे बघितलं. एरवी जिभेला धार, आज खाली मान घालून भुसा झाडत होता.

दादा हरामखोर आहे. लिहिलं. खोडणार नाही.

१२ मार्च

पटाश्या फडक्यात गुंडाळून घरी आणल्या. त्यांच्या लाकडी मुठी हात लागून काळ्या झाल्यात. त्या कारखान्यात परत पाय ठेवणार नाही. याच खोलीत खिडकीखाली ओटा बसेल. वर्षाला दोन टेबलं झाली तरी चालतील, पण माझी.

आणि आईला इकडे आणायचं. पलंग भिंतीला लावला की जागा होते. तिला अजून काही बोललेले नाही. मुलाने आईच्या उशाचं स्टूल नेऊन हे केलं, हे तिला कसं सांगायचं? खचेल ती. पण निदान ती तरी माझी आहे. उद्या जाऊन घेऊन येते.

१३ मार्च

आईला सगळं सांगितलं. तिची पिशवीही भरली.

ती म्हणाली, "मीच दिलं त्याला. सगळं ठाऊक असूनच दिलं. तुझ्याकडे हात आहेत गं, त्याच्याकडे काय आहे?"

मग पिशवीतले कपडे एकेक काढून परत कपाटात ठेवायला लागली.